आपल्या नावाने उभं राहायचं तर: कोकणातल्या बायकांसाठी ग्रामपंचायत निवडणुकीची तयारी

लग्न होऊन कोकणातल्या गावात आलेल्या बाईची कागदपत्रं एकदा ओटीवर मांडून बघा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. आधारवर सासरचं आडनाव, पण पहिलं नाव माहेरचंच. रेशनकार्डावर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवं नाव. मतदार यादीत आडनाव सासरचं आणि मधलं नाव वडिलांचं. चार कागद, चार तऱ्हांची नावं. घरात याने काही अडत नाही. अडतं ते तहसील कार्यालयात, छाननीच्या टेबलावर, समोरच्या पॅनलचा माणूस हरकत घेऊन उभा राहतो तेव्हा. म्हणून तयारीची सुरुवात प्रचारापासून नको, स्वतःच्या नावापासून करा. तीही निवडणुकीच्या किमान वर्षभर आधी.

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सात सदस्यांच्या ग्रामपंचायतीत चार जागा महिलांच्या. या जागांवर कितीतरी गावांत अजून असंच होतं: रात्री पॅनलची बैठक, सकाळी बाईची सही. पुढचं सगळं लिहिलंय ते स्वतः ठरवून उभ्या राहणाऱ्या बाईसाठी.

मतदार यादी

ग्रामपंचायतीची मतदार यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी ठरावीक तारखेला जशी असेल तशीच घेतात आणि प्रभागवार फोडतात. त्या तारखेनंतर नवीन नाव घुसवता येत नाही. प्रारूप यादीवर हरकतीची मुदत मिळते, पण ती चुकीचा प्रभाग किंवा लेखनिकाची चूक दुरुस्त करण्यापुरती.

कोकणात हमखास घडणारी गोष्ट म्हणजे नाव नालासोपारा, डोंबिवली नाहीतर विरारच्या यादीत राहिलेलं असतं. चार वर्षं मुंबईला राहून बाई गावी परत येते, घर चालवते, बचत गट चालवते, पण मत मुंबईत. नाव हलवायला आणि नावातली चूक सुधारायला नमुना ८, पहिल्यांदाच नोंदवायचं असेल तर नमुना ६. बीएलओकडे (तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) द्या किंवा ऑनलाइन भरा, आणि पोच जपून ठेवा. दोन्हीकडे नाव असेल तर मुंबईचं कमी करून घ्या, कारण दुबार नावावर हरकत येते आणि त्याहून वाईट म्हणजे चुकून गावाकडचंच नाव उडतं.

उमेदवाराचं वय २१ पूर्ण हवं आणि नाव गावच्या यादीत हवं. ते त्याच प्रभागात असायला पाहिजे असं नाही. तुमची वाडी प्रभाग १ मध्ये आणि महिला राखीव जागा प्रभाग ३ मध्ये आली, तरी तिथून उभं राहता येतं.

सोडत आणि जातीचा दाखला

कोणत्या प्रभागात कोणती जागा राखीव, हे सोडतीने ठरतं. सदस्यपदाची सोडत गावातच ग्रामसभेत होते. त्या दिवशी स्वतः जाऊन बसा आणि तक्ता उतरवून घ्या. सर्वसाधारण जागेवर महिला उभी राहू शकते, हे बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही. उपसरपंचपदाला तर आरक्षणच नाही. तिथे बाईने नाव द्यायला काहीच आडकाठी नाही.

राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला वडिलांच्या घराण्याचा लागतो. जात जन्माने मिळते, लग्नाने बदलत नाही. सासर भंडारी आणि माहेर मराठा असेल तर नवऱ्याच्या दाखल्यावर ओबीसी जागा लढवता येत नाही. उलट, माहेर कुणबी असेल तर दाखला माहेरच्या कागदांवरून, माहेर ज्या उपविभागात येतं तिथल्या प्रांत ऑफिसातून काढावा लागतो. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागतात. वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सगळ्यात चांगला. तो नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून जन्म-मृत्यू नोंदीचा गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याची नक्कल काढा. किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांनी जुन्या नोंदीत नुसतं ‘कोळी’ आहे की पोटजात लिहिलेली आहे हे आधीच बघून घ्यावं, कारण प्रवर्ग तिथेच बदलतो.

दाखल्यावर नाव माहेरचं येणार आणि अर्जावर सासरचं. ही दोन नावं जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. लग्नात पहिलं नावही बदललं असेल आणि कागदोपत्री ते वापरात असेल, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेतलेला बरा. हे काम महिनाभर खातं.

दाखल्यानंतर जात वैधता, म्हणजे दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. पडताळणी समिती जिल्ह्याच्या ठिकाणी असते. वैधता हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र जोडून अर्ज भरता येतो, पण निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड रद्द होते. कितीतरी बायकांचं पद असं गेलंय, आणि गेलं ते नवऱ्याने किंवा पॅनलप्रमुखाने ‘आमी बघतो’ म्हणून फाइल ठेवून घेतल्यामुळे. पोचपावती स्वतःच्या कपाटात ठेवा.

ज्याने अर्ज बाद होतो किंवा पद जातं

अपात्रतेची यादी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे. कोकणात प्रत्यक्ष अडवणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत.

घरपट्टी आणि पाणीपट्टी. बिलाची मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर अपात्रता येते. आपल्याकडे घर आजेसासऱ्यांच्या नावावर, बिल त्यांच्या नावाने, आणि चार भावांत कोणी भरायची यावर बोलणं चालू. तुम्ही राहता त्या घराची सगळी थकबाकी भरून टाका, पावती घ्या आणि ग्रामसेवकाकडून (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. दाखला अर्जाच्या आदल्या आठवड्यात मागू नका. गावात निवडणूक तापली की तो माणूस रजेवर जातो.

अतिक्रमण. किनारपट्टीवर ही सगळ्यात मोठी खोच आहे. कोळीवाड्यातली कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या सरकारी जमिनीवर उभी आहेत, घरपट्टी नियमित भरली जाते, पण सातबारा नावावर नाही. घरपट्टी भरली म्हणजे जमीन आपली झाली असं होत नाही. २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अतिक्रमण सासऱ्याने किंवा नवऱ्याने केलेलं असलं तरी त्या जागेचा उपभोग घेत राहणारी सदस्य अपात्र ठरते. म्हणून घराचा नमुना ८ चा उतारा (हा ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीचा, मतदार यादीचा नव्हे), सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि गावठाणाची हद्द आधी ताडून बघा. गावठाणात बसत असेल तर भूमी अभिलेखकडून तसा कागद घ्या. पडवी पाखाडीवर आलेली, गोठा गुरचरणात, माडीचा जिना रस्त्याच्या जागेत, असलं काही असेल तर अर्ज भरण्याआधी काढून टाका आणि फोटो काढून ठेवा.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांना सासूबरोबर सरकारी जागेवर राहतात असं म्हणून काढलं होतं. त्या वेगळ्या, भाड्याच्या घरात राहत असल्याचं सांगत होत्या. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं, आणि बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही असं स्पष्ट नोंदवलं. वेगळं राहत असाल तर भाडेकरार, वीजबिल, रेशनकार्ड वेगळं ठेवा. अशा वेळी हेच कागद उभे राहतात.

अपत्यं. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्र. मूल दत्तक दिलं म्हणून मोजणीतून सुटत नाही. पहिलं एक मूल आणि नंतर एकाच बाळंतपणात जुळी झाली, तर ती एकच धरतात.

याशिवाय शौचालय वापराचं प्रमाणपत्र लागतं. १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्म असेल तर सातवी पास असल्याचा दाखला. ग्रामपंचायतीच्या कामात हितसंबंध नको; घरातलं कोणी साकव, पाखाडी, नळपाणी योजनेची कामं घेत असेल तर तुम्ही त्यात भागीदार नाही हे कागदावर स्वच्छ असू द्या.

अर्ज

अर्ज आणि शपथपत्र राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचं, प्रिंट काढून सह्या करायच्या आणि तहसीलमध्ये निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचं. अर्ज घेण्याची वेळ साधारण सकाळी ११ ते दुपारी ३. तीनच्या ठोक्याला दार बंद होतं. शेवटच्या दिवशी सेतूत रांग, सर्व्हर बंद, आणि वाडीत रेंज नाही. म्हणून पहिल्या दोन दिवसांत अर्ज भरा.

शपथपत्रात एकही रकाना रिकामा ठेवू नका. लागू नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. मालमत्तेत नवऱ्याचीही लिहायची असते, त्यामुळे सोसायटीचं कर्ज, होडीचं कर्ज, मुंबईची खोली, दागिने यांचा आकडा त्याच्याकडून आधीच काढून घ्या. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं उघडा, फक्त तुमच्या एकटीच्या नावावर. पासबुकाची प्रत अर्जाला लागते, आणि खातं उघडायला चार-पाच दिवस जातात. अनामत रक्कम राखीव जागेला कमी असते, पण त्या सवलतीसाठी जातीचा दाखला सोबत लागतो. मूळ कागदांची एक पिशवी आणि झेरॉक्सचे दोन संच करा. छाननीला स्वतः हजर राहा, कारण हरकत आली तर उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं.

माघारीची मुदत संपली की चिन्ह मिळतं. ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्ह नसतं, आयोगाच्या मुक्त चिन्हांतून पसंतीक्रम द्यायचा. म्हातारीला तोंडाने सांगता येईल आणि लहान मशीनवर ओळखू येईल असं निवडा. कपबशी, छत्री यांना म्हणूनच मागणी असते.

बिनविरोध

अर्ज भरला की माघारीच्या दिवसापर्यंत माणसं घरी येतात. गावकार, मानकरी, मुंबई मंडळाचे पदाधिकारी. ‘गावात भांडण नको, बिनविरोध करूया.’ बिनविरोध मुळात वाईट नाही. मात्र आधी विचारा, ठरवणार कोण? बैठकीत बायका किती होत्या? देवळाच्या फंडाला मोठी देणगी देणाऱ्याला पद, असा सौदा असेल तर तो लिलाव आहे. नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये याच कारणावरून रद्द केली. मालवणीत कोणी ‘गावकाराक इचारलंस काय?’ म्हणालं, तर आदराने सांगा की विचारलं, आणि उभीही राहते आहे. दोन्ही एकत्र होऊ शकतं.

माघारीचा अर्ज हाच एक कागद असा आहे की त्यावर घरच्यांच्या सांगण्यावरून सही करण्याआधी एक रात्र थांबावं. एकदा दिला की तो परत घेता येत नाही.

मतं मोजून प्रचार

दीड हजार वस्तीच्या गावात एका प्रभागात साधारण साडेतीनशे-चारशे मतदार येतात. एवढ्या मतदारांना बॅनरची गरज नसते, घरोघर जाण्याची असते. प्रभागाच्या यादीची प्रत घ्या, लाकडी पाट घेऊन अंगणात बसा, आणि वाडीतल्या दोन जाणत्या बायकांना घेऊन एकेका नावापुढे पेन्सिलने खूण करा: गावात आहे, मुंबईत आहे, वारला, लग्न होऊन गेली, अंथरुणाला आहे. चारशेच्या यादीत प्रत्यक्ष मतदानाला येणारे किती ते इथेच कळतं. मग आपली, त्यांची आणि कुंपणावरची अशा तीन खुणा. कुंपणावरच्या घरी तीनदा जायचं, आपल्या घरी दोनदा, विरोधकाच्या घरी एकदा तरी. न गेलेलं घर पाच वर्षं लक्षात ठेवतं.

वेळ पाळा. भातकापणी चालू असेल तर सकाळी आठनंतर घरात कोणी नसतं. मच्छी विकणाऱ्या बायका पहाटे बंदरावर लिलावात असतात. तिथे बोलायला जाऊ नका, टोपली भरायच्या घाईत कोणी ऐकत नाही. त्या बाजारातून परतल्यावर, दुपारी चारच्या चहाला जा. आंबा-काजूच्या दिवसांत दिवेलागणीनंतरचीच वेळ हाती असते.

दारात बोलणं तीन मिनिटांचं असावं, आणि त्या वाडीचं असावं. ‘विकास करणार’ म्हणू नका. ‘वरच्या वाडीची विहीर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आटते. योजनेचा पंप दोनदा जळला, कारण व्होल्टेज कमी आणि स्टॅबिलायझर बसवलाच नाही. मी पहिला ठराव त्याचा मांडणार,’ असं म्हणा. बाई आपलं म्हणणं कोणाला विचारून आली आहे का, हे लोक डोळ्यांनी बघत असतात. नवरा बरोबर आला तर चालेल, पण त्याला दोन पावलं मागे ठेवा आणि उत्तर तुम्हीच द्या.

चाकरमान्यांची मतं कोकणात निकाल फिरवतात. त्यांना फोन करा, मुंबईत जाऊन बैठक घ्या, पण मतदानासाठी फुकट गाडी भरून आणू नका. तो गैरप्रकार आहे आणि त्यावरून निवड आव्हानात येते. तसंच ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून अर्ज भरणं ही तुमची श्रद्धा, पण नारळावर हात ठेवायला लावून मत बांधून घेणं किंवा पत्रकावर देवाचा फोटो छापणं हे कायद्यात बसत नाही.

खर्चाची वही रोज संध्याकाळी लिहा: पत्रकं, रिक्षा, चहा, ध्वनिक्षेपक. मर्यादा सदस्यसंख्येवर ठरते आणि सरपंचाची वेगळी असते. तहसीलमधून आदेशाची प्रत घ्या. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा, हरलात तरी. न दिल्यास पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. हरलेल्या उमेदवार हे विसरतात आणि पुढच्या वेळी अर्ज तिथेच अडकतो.

मतदान आणि मोजणी

एका प्रभागात दोन-तीन जागा आणि थेट सरपंच, म्हणजे मतदाराला तीन-चार बटणं दाबायची असतात. आरक्षणानुसार मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो, सरपंचाची फिकट निळी. ‘कपबशी’ एवढंच सांगून भागत नाही; ‘पांढऱ्या कागदावर कपबशी’ असं सांगा. म्हाताऱ्या बायकांना नमुना मतपत्रिका पुठ्ठ्यावर चिकटवून दाखवा आणि बोट ठेवायला लावा.

मतदान प्रतिनिधी म्हणून यादी पाठ असलेली बाई बसवा. मतदान सुरू होण्याआधीच्या चाचणी मतदानाला ती हजर हवी, आणि शेवटी सील करताना क्रमांक लिहून घ्यायला हवेत. मोजणीत एका मताने निकाल लागतो, मतं सारखी पडली तर चिठ्ठी काढतात. फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर होण्याआधी लेखी मागा. निवडणूक याचिकेसाठी निकालापासून १५ दिवस असतात, दिवाणी न्यायालयात.

निवडून आल्यावर

पहिला महिना महत्त्वाचा, कारण तेव्हा खुर्चीची सवय लागते, तुम्हाला आणि गावालाही. मासिक सभेत नवऱ्याला, दिराला बसता येत नाही. इतिवृत्तावर वाचल्याशिवाय सही करू नका, आणि कोऱ्या पानावर तर कधीच नाही. सरपंच असाल तर डिजिटल स्वाक्षरीचं डोंगल आणि ओटीपी येणारा मोबाइल तुमच्याच हातात हवा. वित्त आयोगाचे पैसे त्यावर निघतात. ते डोंगल ग्रामपंचायतीतल्या संगणक केंद्रचालकाच्या ड्रॉवरमध्ये राहिलं तर बिलं तुमच्या नावाने निघतात, आणि चौकशीची नोटीसही तुमच्याच नावाने येते.

लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला जायचं असेल तर ग्रामपंचायतीची रजा लेखी घ्या. सलग चार महिन्यांपेक्षा जास्त गावाबाहेर राहिलं, किंवा सलग सहा महिने सभांना गेलं नाही, तर पद रिकामं होतं. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. नंतर आणला तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान.

पुढे जायचं असेल तर पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही २१ वर्षं आणि निम्म्या जागा राखीव. गुहागर, लांजा, कणकवलीसारख्या नगरपंचायतींतही तेच. विधानसभेला वय २५, अनामत १०,००० रुपये, आणि अपक्ष असाल तर दहा सूचक. तिथे महिलांसाठी एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर लागू व्हायची आहे. आज विधानसभेची जागा खुल्या लढतीतूनच मिळते. श्रीवर्धनच्या आदिती तटकरे आधी रायगड जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या, २०१९ मध्ये आमदार झाल्या. त्यांच्यामागे मोठं राजकीय घराणं होतं, पण ते नसलेल्या बाईलाही लोकांत ओळख मिळते ती जिल्हा परिषदेतच.

आणि ग्रामसभा. वर्षातून किमान चार, आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती कागदावर उरकतात. तुम्ही खरोखर घ्या, दुपारी तीनला, वाडीच्या अंगणवाडीत. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मागच्या वर्षी ते कशावर गेले याचा हिशेब त्या सभेत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ठराव झाला की त्यावर क्रमांक घाला, सूचक आणि अनुमोदक बाईचं पूर्ण नाव लिहा. आणि दुसऱ्या दिवशी मुख्य ग्रामसभा संपण्याआधी तोच ठराव तिच्या इतिवृत्तात, त्याच नावांसकट उतरलाय का ते पान उघडून बघा.